सोन्याचे हरीण आणि काढलेली हेल्मेट : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्याच्या अंकात रिडली स्कॉट यांच्या ‘प्रोमिथियस’ (२०१२) या विज्ञानपटाविषयी लिहिताना मी म्हटले होते की, या चित्रपटातील दृश्ये जितकी विचारपूर्वक घडवली आहेत तितकी त्यातील माणसे घडवलेली नाहीत. त्या एका वाक्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांतील प्रश्न एकाच विषयाभोवती फिरणारे असल्यामुळे ते या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या नातवाने मला हा चित्रपट घरी दाखवला. सुरुवातीचा तो प्रचंड धबधबा, ढग कापत उतरणारे यान, अंधाऱ्या दालनात तरंगणारा ताऱ्यांचा नकाशा हे सारे पाहून मी भारावून गेले. मात्र परक्या ठिकाणी पाय ठेवल्यावर थोड्याच वेळात ही विद्वान मंडळी डोक्यावरची हेल्मेट काढतात, तेव्हा माझे मन चित्रपटातून उठले ते उठलेच. नातू म्हणतो, ‘आजी, कोणी चूकच केली नाही तर गोष्ट पुढे कशी जाईल?’ त्याचे म्हणणे बरोबर आहे का?
(निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड)

उत्तर : आपल्या नातवाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. चुकीवाचून कथा उभी राहत नाही. प्रश्न असा की, ती चूक त्या माणसाची आहे की लेखकाच्या सोयीची.

ज्या वाचकांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०९३ साली एक यान दूरच्या एका उपग्रहावर उतरते. मानवाला कोणी घडवले याचा शोध घेण्यासाठी एका धनाढ्य उद्योगपतीने प्रचंड पैसा ओतून पुरातत्त्वज्ञ, जीवशास्त्रज्ञ, भूशास्त्रज्ञ अशी तज्ज्ञ मंडळी पाठवलेली आहेत. घुमटासारख्या एका पुरातन वास्तूत ही मंडळी शिरतात, आतील हवा श्वसनयोग्य असल्याचे उपकरणे दाखवतात आणि लगेच हॉलोवे हा पुरातत्त्वज्ञ हेल्मेट उतरवतो. सहकारी त्याला अडवतात, पण तो ठणठणीत उभा आहे असे दिसताच एकामागोमाग एक सगळेच त्याचे अनुकरण करतात.

आता या प्रसंगात शास्त्राच्या दृष्टीने काय बिघडले ते पाहू. उपकरण सांगते ते वायूंचे प्रमाण, म्हणजे प्राणवायू किती आणि कार्बन डायऑक्साइड किती. त्या हवेत कोणते जिवाणू, कोणते बीजाणू आहेत हे ते सांगत नाही. न दिसणाऱ्या धोक्यापासून सावध राहायला शास्त्रज्ञ असण्याचीही गरज नाही. आपल्या जिल्ह्यातील वायनऱ्यांमध्ये द्राक्षरस आंबताना टाक्यांमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याला रंग नाही आणि तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो, म्हणून जाणता कामगार हवा तपासल्याशिवाय टाकीत उतरत नाही. पडक्या विहिरीत उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडण्याची खेड्यातली जुनी रीतही त्यासाठीच होती. ज्योत विझली की माणूस मागे सरायचा. कंदील विझवणाऱ्या हवेचे भय ज्या शेतकऱ्याला कळत होते, त्याच्याइतकीही सावधगिरी चित्रपटातल्या निवडक तज्ज्ञांकडे नसावी, हे आपल्या मनाला पटत नाही आणि पटू नये.

प्रत्यक्षातल्या अंतराळवीरांची गोष्ट आठवा. १९६९ च्या जुलैमध्ये अपोलो ११ चे तिघे चंद्रावरून परतले तेव्हा चंद्रावर जीवसृष्टी असण्याची शक्यता जवळपास शून्य मानली जात होती. तरीही त्यांना आणि त्यांनी आणलेल्या दगडमातीला सर्वांपासून वेगळे ठेवण्यात आले आणि २१ दिवसांचा विलगीकरणाचा काळ पाळला गेला. त्या व्यवस्थेतही उणिवा होत्या, कारण समुद्रात उतरल्यावर यानाचे दार तिथेच उघडले गेले. पण काळजी घ्यायची असते हे प्रत्येकाला माहीत होते, आणि अपोलो १४ पर्यंत ती घेतली गेली.

आता नातवाच्या म्हणण्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे वळतो, आणि त्यासाठी आपल्याला नाशिकबाहेर जाण्याचे कारण नाही. पंचवटीत सीतागुंफेसमोरच्या वडांच्या सावलीत आपण सगळेच कधी ना कधी उभे राहिलो आहोत. शहाण्या माणसांच्या चुकीच्या निर्णयांची माझ्या मते सर्वांत काळजीपूर्वक रचलेली कथा ज्या भूमीत घडली असे आपण परंपरेने मानतो, ती हीच. सोन्याचे हरीण जन्माला येणे अशक्य, तरी राम त्याला भुलला, असे एक जुने सुभाषित आहे. मात्र वाल्मीकींचे अरण्यकांड उघडून पाहिले तर राम नुसता भुललेला नाही. लक्ष्मण स्पष्ट सांगतो की हा मृग नव्हे, हा मारीच आहे. राम ते ऐकतो, विचारात घेतो आणि उत्तर देतो की, खरा मृग असेल तर सीतेची इच्छा पूर्ण होईल आणि मारीच असेल तर ऋषींना छळणाऱ्या त्या राक्षसाचा वध करणे हे माझे कर्तव्यच आहे. दोन्ही बाजूंनी तर्क चोख आहे. निघताना तो लक्ष्मणाला पहाऱ्यावरही ठेवतो. पुढे रामाच्या आवाजातली हाक ऐकू येते. लक्ष्मणाला ती खोटी वाटते, म्हणून तो जागचा हलत नाही. अखेर सीतेच्या तोंडून भयापोटी असे शब्द निघतात की, थांबणे हाच त्याच्या निष्ठेवर डाग ठरावा. तो जातो. मग दारी संन्यासी येतो आणि अतिथीचा सत्कार हा धर्म असल्यामुळे सीता त्याला आसन देते, पाद्य देते.

तीन शहाणी माणसे, तीन निर्णय, तिन्ही विनाशाकडे नेणारे, आणि तरीही ऐकणारा एकाही ठिकाणी ‘हा काय वेडेपणा’ असे म्हणत नाही. कारण रामाचा निर्णय त्याच्या कर्तव्यबुद्धीतून आला आहे, लक्ष्मणाचा निष्ठेतून आणि सीतेचा धर्माचरणातून. ज्या गुणांमुळे आपण त्यांना मानतो, त्याच गुणांनी त्यांना संकटात लोटले. हॉलोवेच्या हेल्मेटमागे असे काय आहे? उतावीळपणा आहे, हे मी मान्य करतो, आणि त्याच्या स्वभावाला तो शोभतोही. पण बाकीच्यांचे काय? त्यांच्या वाट्याला लेखकांनी एकही कारण दिलेले नाही. चेहरे दिसावेत म्हणून हेल्मेट निघाली, असेच प्रेक्षकाला वाटत राहते.

याच दिग्दर्शकाने १९७९ साली ‘एलियन’मध्ये हाच पेच किती चोख मांडला होता, हे आवर्जून सांगावेसे वाटते. यानाबाहेर गेलेल्या सहकाऱ्याच्या तोंडाला परका जीव चिकटला आहे, कप्तान दार उघडण्याचा हुकूम देतो, आणि आत असलेली रिप्ली चोवीस तासांच्या विलगीकरणाच्या नियमावर बोट ठेवून नकार देते. दार तरीही उघडले जाते. ते उघडणाऱ्या अ‍ॅश या यानावरच्या विज्ञान अधिकाऱ्याचा हेतू वेगळाच होता, हे पुढे उलगडते तेव्हा मागचा सगळा प्रसंग नव्या अर्थाने उजळतो. तिथेही नियम मोडला, तिथेही अनर्थ झाला, पण कोणी मूर्ख ठरले नाही.

प्रश्न : मी सर्पमित्र आहे. या चित्रपटात एक जीवशास्त्रज्ञ फणा काढलेल्या सापासारख्या प्राण्याला लाडीगोडीने बोलत हात लावायला जातो आणि मरतो. हे पाहून मला दुःख झाले, कारण अशाच दृश्यांनी तरुण मुले बिघडतात. दिग्दर्शकाला कोणी जाणकार भेटला नसेल का?
(निफाड तालुका)

उत्तर : आपल्या दुःखात मी सहभागी आहे. आपल्या भागातल्या द्राक्षबागेत पाचटाखालून नाग निघतो तेव्हा काय होते, हे मी एकदा जवळून पाहिले आहे. बोलावून आणलेले सर्पमित्र बांधावरच थांबले होते, त्यांनी आधी सर्वांना मागे सारले, नागाची मान कुठे वळते आहे हे बराच वेळ नुसते पाहिले आणि मगच काठी पुढे केली. त्यांच्या अंगी भीती नव्हती, आदर होता. फणा ही प्राण्याने दिलेली सूचना असते आणि जीवशास्त्र शिकलेल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप मागे जातो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्यात वावरणाऱ्या आपल्या शेतमजुरांनाही हे शिकवावे लागत नाही.

या प्रसंगात आणखी एक गोष्ट खटकते. मिलबर्न नावाचा हाच जीवशास्त्रज्ञ काही वेळापूर्वी कित्येक शतकांपूर्वीचे प्रेत पाहून घाबरतो आणि ‘मी परत जातो’ म्हणून निघतो. मेलेल्या देहाला भ्यालेला माणूस जिवंत, फुत्कारणाऱ्या, फणा उभारलेल्या प्राण्यापुढे निर्धास्त कसा होतो? एकाच रात्रीत स्वभाव उलटा झाला आणि तो का झाला, हे आपल्याला कोणी सांगितले नाही.

जाणकार भेटला नसेल असे मात्र मला वाटत नाही, कारण संकलनात वगळलेले एक दृश्य नंतर प्रसिद्ध झाले, त्यात हाच मिलबर्न एक लहानसा किडा हाती लागल्यावर आनंदाने वेडा होतो. पृथ्वीबाहेरचा पहिला सजीव आपल्याला सापडला, या कल्पनेने तो हरखून जातो. ते दृश्य चित्रपटात राहिले असते तर त्याचा पुढे केलेला हात त्या हर्षातून आला असता, आणि आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते समोर आल्यावर माणसाचे भान सुटते, हे आपण समजून घेतले असते. लेखनातला धागा होता, तो कात्रीने तुटला. चित्रपटाची लांबी थोडी घटली आणि एक माणूस गेला, हा सौदा मला महाग वाटतो.

प्रश्न : आपण चित्रपटावर जरा अन्याय करता, असे माझे मत आहे. मी कारखान्यात गुणवत्ता तपासणीत काम करतो. प्रत्यक्षातही मोठमोठे तज्ज्ञ अक्षम्य चुका करतात, मग पडद्यावरच्या शास्त्रज्ञांकडूनच निर्दोष वागण्याची अपेक्षा का?
(अंबड)

उत्तर : आपला प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. तज्ज्ञ चुकतात, हे शंभर टक्के खरे. ते कसे चुकतात हे पाहिले म्हणजे चित्रपटात काय हरवले ते नेमके सापडते.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सात जणांचा अंत झाला. आदल्या रात्री दूरध्वनीवर एक लांबलचक बैठक झाली होती. अग्निबाणाचे भाग बनवणाऱ्या कंपनीतील अभियंते सांगत होते की, सांध्यांतील रबरी कड्या थंडीत कडक होतात, त्यामुळे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नये. सकाळी तापमान त्याहून खूप खाली राहणार होते. रॉजर बॉयजॉली हे अभियंते तळमळून बोलत राहिले. पण आधीच्या उड्डाणांतही या कड्या जळालेल्या सापडल्या होत्या आणि तरी यान सुखरूप परतले होते, उड्डाण आधीच अनेकदा लांबले होते, शिवाय ‘हे धोक्याचे आहे’ याचा ठोस पुरावा आकड्यांत मांडता येत नव्हता. शेवटी कंपनीच्या वरिष्ठांनी आपल्याच अभियंत्यांचा सल्ला बाजूला ठेवला. पुढे चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी तसल्याच रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून तो लवचीकपणा कसा गमावतो, हे सर्वांसमक्ष दाखवले.

या बैठकीतल्या कोणालाही मूर्ख म्हणणे सोपे नाही. आपण स्वतः गुणवत्ता विभागात आहात, तेव्हा ‘मागच्या लॉटमध्येही हा दोष होता, गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही, जाऊ द्या’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकले असेल, हे मी सांगायला नको. चूक तिथे जन्मते.

हेल्मेटचाच विषय आहे म्हणून दुसरे एक उदाहरण देतो. १६ जुलै २०१३ रोजी इटलीचे लुका परमितानो अंतराळस्थानकाबाहेर काम करत असताना त्यांच्या हेल्मेटमध्ये पाणी साचू लागले. वजनरहित अवस्थेत पाणी खाली पडत नाही, ते चेहऱ्याला चिकटून पसरते. ते डोळ्यांवर आले, नाकात गेले, आणि जवळजवळ काहीही दिसत नसताना सुरक्षादोराच्या आधाराने चाचपडत ते दारापर्यंत परतले. सुमारे दीड लिटर पाणी आत आले होते. आठवड्यापूर्वीच्या फेरीनंतरही त्याच हेल्मेटमध्ये पाणी आढळले होते, पण पिण्याच्या पाण्याची पिशवी गळली असावी असे सर्वांनी धरले आणि मूळ शोधले नाही. जगातली अत्यंत काळजीपूर्वक निवडलेली आणि प्रशिक्षित माणसे ती, आणि तरीही सोपे स्पष्टीकरण हाती आल्यावर त्यांनी तपास थांबवला.

अशी चूक ‘प्रोमिथियस’मध्ये असती तर मी तिच्या बाजूने भांडलो असतो. माझी मागणी निर्दोष माणसांची नाही. घाई, थकवा, वरिष्ठांचा दाब, आधी निभावले म्हणून आताही निभावेल हा भरवसा, यांपैकी काहीतरी पडद्यावर दिसावे, एवढीच आहे. गंमत पाहा, चित्रपटात अशा दाबाची सारी सामग्री हजर आहे. मोहिमेचा खरा हेतू या मंडळींना दोन वर्षांच्या निद्रेतून उठल्यावरच सांगितला जातो, त्यांची एकमेकांशी ओळखही धड झालेली नाही, आणि कंपनीची प्रतिनिधी व्हिकर्स त्यांच्यावर पहारा ठेवून आहे. अनोळखी सहकारी, अपुरी माहिती आणि मालकाचा धाक यांतून कितीतरी खऱ्या चुका निघाल्या असत्या. लेखकांनी चूल पेटवली आणि तिच्यावर काही शिजवलेच नाही.

व्हिकर्सचा एक निर्णय मात्र मला न्याय्य वाटतो, तोही नोंदवतो. संसर्ग झालेल्या हॉलोवेला ती यानात घेत नाही. चित्रपट तिला कठोर म्हणून दाखवतो, पण विलगीकरणाचा अर्थ कळलेली त्या क्षणी ती एकटीच आहे.

प्रश्न : शेवटी भले मोठे यान चाकासारखे घरंगळत येते आणि दोन्ही बायका त्याच्या वाटेतच सरळ पुढे पळत राहतात. बाजूला का होत नाहीत?
(विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

उत्तर : बाजूला व्हायला हवे होते, यात दुमत नाही. घाबरलेला माणूस समोर दिसेल त्या वाटेने पळतो हे खरे, आणि त्या दोघींपैकी शॉ ही पुरातत्त्वज्ञ अखेरीस बाजूला लोळते म्हणूनच वाचते. परंतु कॅमेरा आपल्याला सबंध मैदान उंचावरून दाखवत असल्यामुळे मोकळी जागा प्रेक्षकाला दिसते. तेच दृश्य पळणाऱ्या व्हिकर्सच्या डोळ्यांनी, धुळीत आणि सावलीत दाखवले असते तर तुम्हाला हा प्रश्न पडला नसता. इथे दोष पात्राच्या बुद्धीपेक्षा कॅमेऱ्याच्या जागेचा अधिक आहे.

प्रश्न : मी विज्ञानकथा लिहिते. माझ्या कथेत अंतराळस्थानकावरची एक डॉक्टर सीलबंद पेटी उघडते आणि त्यातून रोग पसरतो. मैत्रिणी म्हणतात, ‘डॉक्टर असून एवढी मूर्ख कशी?’ मी चित्र तर खूप सुंदर रंगवले आहे. काय करू?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सिन्नर)

उत्तर : तुझी कथा मी दोनदा वाचली. पेटीच्या कडांवर साचलेल्या हिमाचे आणि त्यात उमटलेल्या निळ्या उजेडाचे वर्णन फार देखणे आहे, ते एका शब्दानेही बदलू नकोस. सुंदर चित्राचे आपल्याला वावडे असू नये. आपल्या जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी पहिला चित्रपट करण्याआधी, १९१२ साली, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून भांडवल देणाऱ्याला दाखवली होती. पडद्यावर रोप सरसर वाढताना दिसले आणि पैसा उभा राहिला. चमत्कार दाखवण्याची हौस आपल्या मातीतलीच आहे. पण तिथे रोप रोपासारखेच वाढत होते, म्हणून पाहणाऱ्याचा विश्वास बसला. तुझी डॉक्टरही डॉक्टरासारखी वागली पाहिजे.

२०२१ च्या डिसेंबरात नाशिकला ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी डॉ. जयंत नारळीकर होते. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, याची हळहळ इथल्या अनेकांना आजही वाटते. त्यांच्या विज्ञानकथांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांचे शास्त्रज्ञ विचार करताना दिसतात, आधी शंका घेतात, मग पडताळा पाहतात, आणि वाचक त्या विचारात त्यांच्याबरोबर चालतो. ‘प्रोमिथियस’मध्येही जो प्रसंग कोणी विसरत नाही तो असाच आहे. शॉला कळते की आपल्या पोटात परका जीव वाढतो आहे. शस्त्रक्रियेचे स्वयंचलित यंत्र समोर आहे, पण ते केवळ पुरुष रुग्णांसाठी जुळवलेले असून प्रसूतीची शस्त्रक्रिया नाकारते. तेव्हा ती वेदनेत असतानाही पोटातील बाह्य वस्तू काढण्याची आज्ञा देऊन यंत्राकडून काम करवून घेते. तिथे आपण श्वास रोखतो, कारण तिची बुद्धी जिवंत आहे.

आता तुझ्या पेटीकडे येऊ. तुझी डॉक्टर पहिल्याच परिच्छेदात पेटी उघडते आणि आम्हाला तिचे नावही धड माहीत नसते. ती किती तास जागी आहे? पलंगावर पडलेल्या रुग्णाचे औषध त्या पेटीत असू शकते, असे तिला वाटण्यास काही कारण आहे का? नियमानुसार पृथ्वीवरून परवानगी यायला किती वेळ लागणार आणि रुग्णाजवळ तेवढा वेळ आहे का? याआधी तिने अशीच एक पेटी नियम पाळून बंद ठेवली होती आणि त्यामुळे कोणी दगावले होते का? यांतले एकच उत्तर निवड, सगळी घेऊ नकोस. कुलपावर हात ठेवण्याआधीचा तो एक तास सावकाश लिहून काढ, हिम आणि निळा उजेड त्या तासाच्या शेवटी येऊ दे, आणि कथा पुन्हा आमच्याकडे पाठव.